भिंतीचा ठणका

आईच्या पाठीला सूज आली त्याच आठवड्यात तिच्या खोलीची मागची भिंतही सुजली. आधी बाबांचा फोटो कलला. भिंत मधूनच पुढे आल्यामुळे तो खालून ढकलला गेला आणि बाबा छताकडे बघू लागले. मी फोटो सरळ करायला गेले तेव्हा तळहात भिंतीला लागला. तापात लहान मुलाचं कपाळ लागतं तशी ती लागली. त्याच क्षणी मागून आई म्हणाली, "अगं, हळू."

मी वळून पाहिलं. ती पलंगावर कुशीवर पडली होती. माझ्यात आणि तिच्यात चांगलं अंतर होतं.

"तुला लागलं?"

"खुब्याच्या वर. तिथंच धरलंयस तू. सोड आता."

मी हात काढला. तिने श्वास सोडला. मग मी बोटाचं टोक भिंतीवर निरनिराळ्या जागी टेकवत गेले आणि ती सांगत गेली. फोटोखाली तिचे मणके होते. खिडकीच्या चौकटीशी खांदा होता. स्विचबोर्डाजवळ मी बोट टेकवलं तेव्हा ती काहीच बोलली नाही.

"इथं?"

"तिथं मी नाही," ती म्हणाली.

तिचा कॅन्सर स्तनात सुरू झाला होता आणि आता हाडांत उतरला होता. हे आम्हाला भिंत सुजायच्या आधीच माहीत होतं. मी रजा काढून कराडला आले होते. माझा धाकटा भाऊ उन्मेष पुण्याहून रोज फोन करायचा. भिंतीचं सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "लाल पण झालीये का?"

"डिस्टेंपरखालून दिसतंय."

"मग तिथं काही ठोकू नका," तो म्हणाला.

आईने सगळी नोकरी कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. परगावचे फोन थेट लागत नसत त्या काळात ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि लोकांच्या लाइनी दोरांनी एकमेकींना जोडून द्यायची. ट्रंक कॉल तीन प्रकारचे असत: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंग आला की बाकीचे सगळे बाजूला सारून तो आधी द्यावा लागे. दवाखान्यात तिला एकपासून दहापर्यंत आकड्यात दुखणं सांगायला शिकवलं होतं. तिला ते आकडे पटले नाहीत.

"आत्ता काय आहे?" मी विचारायचे.

"साधा."

कधी डोळे मिटून, "अर्जंट आहे गं."

लाइटनिंग हा शब्द ती पुरा म्हणत नसे. "लाइट" एवढं म्हणून ती हात वर करायची. मग मी बोलणं थांबवून मॉर्फिनच्या गोळीकडे जायचे.

शेजारच्या इंगवले काकूंनी खिडकीतून भिंत पाहिली आणि घरी जाऊन सहाण आणली. आंबेहळदीचा तुकडा, रक्तचंदनाचं खोड आणि तुरटीचा खडा. "उगाळायचं आणि गारच लावायचं," त्या म्हणाल्या. "शेक बिक देऊ नको हां सुजेला. आखडलेल्याला शेक, तापलेल्याला लेप. उलटं केलंस तर भोगशील."

"भिंतीला लावू की आईला?"

"आईला तू हात लावू शकतीयेस का?"

लावू शकत नव्हते. चादरीची घडीसुद्धा तिला सहन होत नव्हती. म्हणून मी लेप भिंतीला लावू लागले. खोड सहाणेवर गोल फिरवायचं, पाणी थेंब थेंब टाकायचं, तांबूस लेप बोटांनी उचलायचा आणि भिंतीवर खालून वर न्यायचा. वरून खाली आणला की तिला दुखे. लेप वाळेपर्यंत भिंत थोडी ओसरायची. वाळला की पिवळ्या-तांबड्या पापुद्र्यांनी गळायचा आणि मी ते सुपलीत भरायचे.

भिंतीला सगळं कळू लागलं. पंखा लावला की वारा भिंतीवरून जायचा आणि आई दात आवळायची. पंखा बंद केला. काकूंच्या घरी मिक्सर चालला की भिंत थरथरायची. काकूंनी पाटावरवंटा काढला, पण तो जास्त वाईट निघाला, तेव्हा त्या चटणी मिरची धाकट्या जावेकडून वाटून आणू लागल्या. एका दुपारी आई हसायला लागली. हसणं तिला परवडत नव्हतं, तरी.

"काय झालं?"

"पाल चाललीये. पाठीवरनं. थांबली बघ आता. कुठल्या अंगाला जावं त्याचा विचार करतीये."

मी वर पाहिलं. पाल खरंच थांबली होती.

"हाकलू?"

"नको. हलकी आहे बिचारी."

कॅलेंडरचा खिळा मात्र तिने काढायला लावला. तो पक्कडीत धरून मी हळूहळू फिरवत बाहेर काढला. ती तोंडात पदराचा बोळा धरून होती. खिळा निघाला तेव्हा भोकातून थोडं कोमट, स्वच्छ पाणी आलं. मी कापूस लावला. "बाई गं," आई म्हणाली. "किती वर्षं घेऊन फिरत होते मी तो."

खोली अरुंद झाली. कपाट बाहेर काढावं लागलं, मग टेबल. पलंग समोरच्या भिंतीला लावला. आई मात्र बारीक होत चालली होती. तिचे दंड माझ्या मनगटाएवढे झाले. तिच्यातून जे कमी होत होतं ते कुठे जातंय हे दिसत होतं.

मग डॉक्टर मुजावर घरी आल्या. कॅन्सरचं दुखणं कमी करणं एवढंच काम त्या करत. त्यांनी आधी आईची नाडी पाहिली, मग भिंतीची. भिंतीला त्यांनी हाताची मागची बाजू लावली, तीसुद्धा विचारून.

"गाठ तेवढीच आहे," त्या मला म्हणाल्या. "दुखतंय ते गाठीभोवतीचं. शरीर आग विझवायला माणसं पाठवतं आणि तीच माणसं तिथं शेकोट्या पेटवून बसतात. मग वाऱ्याची झुळूक आली तरी चटका बसतो."

"त्यांना परत बोलावता येत नाही का?" आईने पलंगावरून विचारलं.

"स्टेरॉइड देते. काही दिवस परत जातील."

"आणि नंतर?"

"नंतर येतील," डॉक्टर म्हणाल्या. "सारखं देताही येत नाही, कुंदाताई. भिंत आतून ठिसूळ होते."

त्यांनी सुई भिंतीत दिली, खिडकीच्या बाजूला, जिथे लाली जास्त होती. आईने फक्त नाक आक्रसलं.

दुसऱ्या दिवशी फोटोतल्या बाबांची नजर छतावरून खाली आली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंत मागे जात होती. आईला भूक लागली. तिने थालीपीठ मागितलं, वर लोणी मागितलं, आणि जवसाच्या चटणीत लसूण कमी पडला म्हणून मला बोलणी ऐकवली. "एवढी पुस्तकं वाचलीस, चटणी कुठं लिहिलेली नव्हती का?" तिने पंखा लावायला सांगितला. मी तिची वेणी घातली. कितीतरी दिवसांनी माझा हात तिच्या मानेला लागला आणि ती 'हळू' म्हणाली नाही.

त्या दिवसांत ती एक्स्चेंजचं बोलायची. बाबा वीज मंडळात होते आणि लग्नानंतर काही वर्षं त्यांची बदली कोयनानगरला होती. आईला नोकरीवर असताना स्वतःचा फोन घ्यायला परवानगी नव्हती. म्हणून बाबा तिची कामाची पाळी बघून कराडातल्या आपल्या मावशीला, वेणूमावशीला फोन लावायचे. मावशीला ऐकू कमी यायचं. बाबा तिच्याशी काहीतरी बोलत राहायचे आणि वाट बघायचे.

"कशाची?" मी विचारलं, मला माहीत असून.

"तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं मध्ये येऊन विचारायचं असतं." तिने मान ताठ केली आणि तिचा दुसरा आवाज काढला, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला. "तीन मिनिटं झाली. वाढवून देऊ का?"

"मग बाबा?"

"'द्या,' म्हणायचे. एवढंच. मी त्यांना आपण म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. 'द्या बाई.'" ती गालात हसली. "मावशी पलीकडनं ओरडायची, कुणाला काय द्यायचंय रे?"

"आणि संपवायचं कुणी?"

"त्यांनीच. मी कधी कुणाची लाइन तोडली नाही. बाकीच्या तोडायच्या. बोलणाऱ्यानं ठेवलं की मगच दोर काढायचा. आपण कोण मध्ये?"

मग शेकोट्या पेटवणारी ती माणसं परत आली. भिंत एका रात्रीत पहिल्यापेक्षा पुढे सरकली आणि या वेळी तिच्यात ठणका होता. हात न लावताही दिसायचा. बाबांच्या फोटोची काच त्या ठोक्यावर हलायची आणि तिच्यातला उजेड भिंतीवरून मागे-पुढे जायचा. डॉक्टर मुजावर आल्या, त्यांनी भिंत बोटाने वाजवली, आवाज ऐकला आणि पिशवी बंद केली. मॉर्फिन वाढवलं. लेप चालू ठेवा म्हणाल्या.

आई सकाळी गेली. मी चहा गाळत होते. कपबशी घेऊन आत आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती आणि तिचा हात भिंतीवर सपाट टेकलेला होता, आजारपणात पहिल्यांदाच.

उन्मेष आला. माणसं तिला घाटावर घेऊन गेली. मी गेले नाही. मला त्या वेळेची भीती होती. सगळे गेल्यावर मी भरपूर लेप उगाळला आणि भिंतीसमोर उभी राहिले. तिकडे अग्नी दिला असेल तेव्हा इथे काय होईल याचा मी अंदाज केला होता. आग झाली असती तर दोन्ही हातांनी विझवणार होते. पण भिंत भडकली नाही आणि गारही झाली नाही. होती तेवढीच ऊबदार राहिली, त्याच ठोक्यावर ठणकत. माणसं ओल्या कपड्यांनी परत आली तेव्हा मला कळलं होतं की आई त्यांच्याबरोबर गेलेली नव्हती.

"आत्ता काय आहे?" मी भिंतीला विचारलं.

"साधा," भिंतीतून आवाज आला. थकलेला होता, पण तिचाच.

मी लेपाचं भांडं मोरीत रिकामं केलं.

त्यानंतर मी भिंतीला लेप लावला नाही. लेपाने सूज उतरते, आणि सूज उतरल्यावर तिथे काय राहणार होतं? चुना, विटा, एका खिळ्याचं भोक. मी दुपारी भिंतीला पाठ लावून बसायचे. लहानपणी ती रात्रपाळी करून आली की दिवसा झोपायची आणि मी शाळेतून येऊन तिच्या पाठीला पाठ लावून पडायचे. अगदी तीच ऊब होती. ठणका माझ्या मणक्यांतून जायचा. काही वेळाने दोघींचा ठोका एक व्हायचा आणि मला झोप लागायची.

दहाव्याला आम्ही घाटावर गेलो. पिंड ठेवले. कावळे समोरच्या पिंपळावर बसले होते, खूप होते, पण एकही खाली उतरेना.

"काही राहिलं असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

उन्मेष हात जोडून पुढे झाला. "ताईकडे मी लक्ष देईन," तो म्हणाला. कावळे बसून राहिले. "घर विकणार नाही." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर बसला. "तुझ्या शेवंतीला पाणी घालू. काकूंना सांगू." ऊन चढलं. त्याचा आवाज फाटायला लागला. "आई, काय पाहिजे गं तुला? सांग ना."

काय कबूल करायचं ते मला माहीत होतं. ते लेपाचं होतं आणि तीन शब्दांत बोलता आलं असतं. सगळे कावळे माझ्याकडे बघत होते. मी पदर डोक्यावर पुढे ओढला आणि गप्प बसले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

घरी आल्यावर उन्मेष आईच्या खोलीत गेला. खोलीत आता पलंग आणि माणूस अंग चोरून सरकेल एवढी वाट होती. त्याने जमिनीकडे पाहिलं. पापुद्रे पडलेले नव्हते.

"लेप थांबवलास तू."

"हो."

"का?"

त्याने तळहात भिंतीला लावला, नेहमीसारखा, आडदांडपणे.

"जरा हळू रे, उन्म्या," भिंत म्हणाली.

त्याने हात झटकन मागे घेतला. बराच वेळ तो त्या हाताकडेच बघत होता. "ताई, तिला अजून दुखतंय," तो म्हणाला.

"पण आहे ती."

"दुखतंय म्हणून आहे?"

"तू पुण्याला जा," मी म्हणाले. "मी बघते."

तो गेला. जाताना घराचं दार पुरतं उघडेना, कारण सूज आता कोपरा वळून बाहेरच्या खोलीत आली होती. तो आडवा होऊन, पोट आत घेऊन बाहेर पडला. बॅग मी त्याच्यामागून फटीतून सरकवली.

थंडी पडली तशी भिंत निवू लागली. आधी खिडकीची बाजू, मग फोटोखालची जागा. एका सकाळी मी खांदा शोधत बोट फिरवलं आणि बोट कुठेच अडलं नाही. मी विचारलं, "आत्ता काय आहे?" उत्तर आलं नाही. मी कान लावला. ठणका खूप आत गेला होता, दुसऱ्या गावातल्या लग्नाच्या ताशासारखा.

मी तव्यावर खडे मीठ भाजलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि खिडकीच्या बाजूला भिंतीला धरली.

"लाइट," आई म्हणाली.

हात वर झालेला मला दिसला नाही, पण भिंत तेवढ्या जागी उचलली गेली. मी पुरचुंडी काढून घेतली. तिथे लालसर वर्तुळ उठलं होतं. ते पसरलं, आणि त्याच्यामागून ऊब आली, फोटोपर्यंत, उशापर्यंत. मी पाठ लावून बसले. "आहेस ना?" मी विचारलं. "आहे," ती म्हणाली, दात आवळून.

स्टोव्ह आणि तवा आईच्या खोलीत खिडकीशी आणून मी रोज शेक देऊ लागले. प्रत्येक शेकानंतर भिंत थोडी पुढे यायची. पलंगाचे पाय वाकले, मग तो मोडला आणि मी त्याच्या फळ्या खिडकीच्या गजांतून बाहेर टाकल्या. खोलीचं दार बंद झालं. ते मी बंद केलेलं नव्हतं. त्याच्यासमोर आता भिंत होती. जेवणाचा डबा इंगवले काकू गजांतून द्यायच्या.

"मिठाचा वास येतोय," एक दिवस त्या म्हणाल्या. "कुणाला शेकतीयेस?"

"निवत चालली होती, काकू."

"निवू दे की मग."

"लेप लावला तर जाईल ती."

"आणि शेकलं तर?"

मी डबा घेतला. काकूंनी गजांतून हात आत घातला आणि दोन बोटं भिंतीवर ठेवली, हलकेच, पालीसारखी. आतून लांबलेला, दाबलेला आवाज आला. काकूंनी बोटं काढून पदराला पुसली. "कुंदानं आयुष्यात कुणाला त्रास दिला नाही," त्या म्हणाल्या. "तुला म्हणून सहन करतीये." मग त्या घरी गेल्या आणि सहाण घेऊन आल्या. सहाण गजांतून जाईना, म्हणून त्यांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर बाहेरच ठेवली. आंबेहळद, खोड, तुरटी, वाटीत पाणी.

मी गजांतून हात बाहेर काढून उगाळलं. एक हात पुरत होता. दुसऱ्या हातात सकाळची पुरचुंडी होती, अजून गरम. खोड सहाणेवर फिरताना आवाज झाला तशी भिंत स्थिर झाली. ती ऐकत होती. लेप दाट आला. मी तो बोटांवर घेऊन हात आत ओढला. आता माझ्या पाठीला समोरची भिंत होती आणि छातीला आई. मधे मी श्वास घेण्यापुरती जागा होती.

"आत्ता काय आहे?" मी विचारलं.

आत खट्ट झालं. एक दोर जागेवर बसल्यासारखं. मग खरखर, आणि खूप लांबून, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला आवाज.

"तीन मिनिटं झाली. वाढवून देऊ का?"

बाबांचा फोटो माझ्या डोक्यावर छताला चिकटून होता. त्यांचं उत्तर आम्हा दोघींनाही पाठ होतं. पुरचुंडीतलं मीठ कडकडलं. दुसऱ्या हाताच्या बोटांवर लेप वाळत चालला होता आणि कातडी ओढू लागला होता. पलीकडे ती दोर धरून थांबली होती. तिचा श्वास हेडफोनच्या तोंडावर घासत होता, अर्जंटचा श्वास, तरी आवाजात काही येऊ न देता.

"हॅलो," ती म्हणाली. "बोलताय ना आपण?"

मी हात उचलला.